‘कोर्स टू’ : एमआयटीच्या यंत्र अभियांत्रिकी विभागाचा इतिहास

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत विभाग नावापेक्षा क्रमांकाने ओळखण्याची जुनी रीत आहे. त्या रीतीनुसार तेथील यंत्र अभियांत्रिकी विभागाला ‘कोर्स टू’ म्हणतात. (पुण्यातील याच आद्याक्षरांनी ओळखली जाणारी महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही १९८३ साली स्थापन झालेली वेगळी संस्था होय.) संस्थेचे पहिले वर्ग १८६५ साली भरले तेव्हापासून यंत्र अभियांत्रिकी हा तेथील अभ्यासक्रमाचा भाग आहे. वाफेचे इंजिन, कापडगिरणी आणि रेल्वे यांच्या युगात जन्मलेला हा विभाग आज यंत्रमानव, कृत्रिम अवयव आणि सूक्ष्मयंत्रे यांवर संशोधन करतो.

या दीर्घ वाटचालीत विषय बदलले, इमारती बदलल्या, माणसे बदलली. परंतु एक प्रश्न विभागाच्या पाठीशी सतत राहिला. अभियंत्याने कार्यशाळेत किती शिकावे आणि फळ्यावर किती? हात मळवल्यावाचून यंत्र कळते काय आणि गणितावाचून ते सुधारता येते काय? प्रत्येक पिढीने या प्रश्नाचे आपापले उत्तर दिले आणि पुढच्या पिढीला ते अपुरे वाटले. विभागाचा इतिहास मुख्यतः या उत्तरांचाच इतिहास आहे. त्यात मराठी माणसांचाही काही वाटा आहे.

स्थापना आणि बोधवाक्य

एमआयटीचे संस्थापक विल्यम बार्टन रॉजर्स हे मूळचे भूवैज्ञानिक. व्हर्जिनिया विद्यापीठात अध्यापन करीत असतानाच, १८४६ साली, त्यांनी बॉस्टनमध्ये तंत्रशिक्षणाची संस्था काढण्याची योजना आखली होती. कारागिरीतील बारीकसारीक हस्तकौशल्ये कारखान्यातच शिकता येतात. संस्थेचे काम त्या कौशल्यांच्या मुळाशी असलेली वैज्ञानिक तत्त्वे शिकवण्याचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांनी संस्थेच्या सनदेवर १० एप्रिल १८६१ रोजी स्वाक्षरी केली. दोनच दिवसांनी अमेरिकेतील यादवी युद्धाला तोंड फुटले आणि वर्ग सुरू होण्यास जवळजवळ चार वर्षे लागली.

फेब्रुवारी १८६५ मध्ये बॉस्टनच्या समर स्ट्रीटवरील भाड्याच्या जागेत अवघ्या १५ विद्यार्थ्यांनिशी अध्यापन सुरू झाले. पुढच्याच वर्षी बॅक बे भागात संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली. यंत्र अभियांत्रिकी आणि वर्णनात्मक भूमिती या विषयांचे पहिले प्राध्यापक विल्यम वॉटसन हे होते. त्यांनी जर्मनीतील येना येथे डॉक्टरेट मिळवली होती आणि युरोपातील तंत्रशिक्षणाची माहिती गोळा करून आणली होती. संस्थेची घडी बसवताना तिचा उपयोग झाला. १८६८ साली पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत १४ जण होते.

संस्थेची मुद्रा १८६४ साली स्वीकारण्यात आली. तिच्यावर एका बाजूला ऐरणीपाशी उभा असलेला कारागीर आणि दुसऱ्या बाजूला ग्रंथ घेतलेला विद्वान आहे. खाली लॅटिन भाषेतील बोधवाक्य आहे : ‘मेन्स एत मानुस’, म्हणजे मन आणि हात. मुद्रेवर ही दोन माणसे शेजारी शेजारी उभी करणे सोपे होते. वेळापत्रकात दोघांना जागा देणे मात्र अवघड ठरले. प्रारंभीच्या वर्षांत विद्यार्थी यंत्रांची रेखाटने करीत, बलांचे गणित मांडीत आणि आसपासचे कारखाने पाहून येत. स्वतः लोखंड कापण्याची वा ओतण्याची सोय संस्थेत जवळजवळ नव्हती.

फिलाडेल्फियातील प्रदर्शन आणि कार्यशाळा

ही उणीव दूर होण्यास एक प्रदर्शन कारणीभूत ठरले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त १८७६ साली फिलाडेल्फिया येथे भव्य जागतिक प्रदर्शन भरले. त्यातील यंत्रदालनात कॉर्लिस यांचे महाकाय वाफेचे इंजिन प्रेक्षकांचे मुख्य आकर्षण होते. एमआयटीचे तत्कालीन अध्यक्ष जॉन रंकल यांचे लक्ष मात्र मॉस्कोच्या इंपीरियल टेक्निकल स्कूलने मांडलेल्या एका शांत दालनाकडे गेले. तेथे विद्यार्थ्यांनी केलेल्या कामाचे नमुने क्रमाने लावून ठेवले होते.

मॉस्कोतील या पद्धतीचे जनक व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी प्रत्येक धंद्याची मूलभूत क्रियांमध्ये फोड केली होती. कानस चालवणे, छिद्र पाडणे, लेथवर दंडगोल कातणे, सांधा बसवणे अशा क्रिया सोप्याकडून अवघडाकडे लावून प्रत्येकीसाठी रेखाटन आणि नमुना ठरवून दिला होता. विद्यार्थ्याने विक्रीची वस्तू बनवायची नव्हती, तर क्रिया आत्मसात करायची होती. एका वेळी एकच शिष्य घडवणाऱ्या उस्तादाऐवजी येथे एक शिक्षक संपूर्ण वर्गाला हातकाम शिकवू शकत होता. कारागिरीचेही व्याकरण असते आणि ते व्याकरण वर्गात शिकवता येते, हा त्यातील खरा शोध होता.

रंकल हे गणितज्ञ असूनही त्यांना या पद्धतीचे मोल तत्काळ उमगले. त्याच वर्षी एमआयटीत ‘स्कूल ऑफ मेकॅनिक आर्ट्स’ सुरू झाले आणि यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सुतारकाम, लोहारकाम, ओतकाम आणि यंत्रकाम यांच्या कार्यशाळा उपलब्ध झाल्या. त्याच राज्यातील वूस्टर येथील तंत्रशिक्षण संस्थेने नेमका उलट मार्ग धरला होता. तेथील वॉशबर्न शॉप्स ही १८६८ साली उघडलेली कार्यशाळा प्रत्यक्ष माल तयार करून विकत असे. खऱ्या गिऱ्हाइकासाठी काम केल्याखेरीज खरे शिक्षण होत नाही, असा तिचा आग्रह होता. कार्यशाळेत शिकवायचे की कार्यशाळा चालवायची, हा वाद त्या काळात अमेरिकेतील अनेक संस्थांत रंगला.

लान्झा आणि मोठ्या तुळया

गेतानो लान्झा यांनी १८८३ ते १९११ अशी २८ वर्षे विभागाचे नेतृत्व केले. ‘अप्लाइड मेकॅनिक्स’ हा त्यांचा ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांची राष्ट्रीय संघटना १८८० साली स्थापन झाली होती आणि या व्यवसायाला नुकतेच स्वतंत्र रूप येऊ लागले होते. लान्झा यांच्या काळात कार्यशाळेच्या जोडीला अभियांत्रिकी प्रयोगशाळा आली. ही प्रयोगशाळा मन आणि हात यांच्यामधला पूल ठरली.

लान्झा यांचे नाव विशेषकरून लाकडी तुळयांच्या चाचण्यांशी निगडित आहे. तोवर इमारती लाकडाचे बळ ठरवताना लहान, सरळ धाग्याचे, निर्दोष तुकडे घेऊन ते मोडून पाहत आणि आलेल्या आकड्यांवरून मोठ्या तुळईचे गणित मांडीत. लान्झा यांनी प्रत्यक्ष बांधकामात वापरतात तेवढ्या मापाच्या तुळयाच यंत्राखाली घातल्या. त्या लहान तुकड्यांवरून काढलेल्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी भाराला मोडतात, असे आढळले. कारण उघड होते. खऱ्या तुळईत गाठी असतात, चिरा असतात, तिरपे गेलेले धागे असतात. निवडून घेतलेल्या तुकड्यात ते नसतात. सूत्र चुकीचे नव्हते, सूत्रात घातलेला आकडा वास्तवातला नव्हता. गिरण्यांचे जड मजले लाकडी तुळयांवर पेलणाऱ्या न्यू इंग्लंडमध्ये या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

पुण्याची नजर बॉस्टनकडे

याच सुमारास पुण्यातील सुशिक्षित वर्गाचे लक्ष या संस्थेकडे वळले. १८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट एमआयटीत दाखल झाले. संस्थेत शिकायला आलेले ते पहिले भारतीय विद्यार्थी मानले जातात. १८८१ साली सुरू झालेल्या ‘मराठा’ या पुण्याच्या इंग्रजी साप्ताहिकाने त्या दशकात एमआयटीविषयी लिहून भारतातही अशा धर्तीची संस्था हवी, हा विचार मांडला.

या ओढीमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण नव्हते असे नाही. ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ १८५४ सालीच, म्हणजे एमआयटीला सनद मिळण्यापूर्वी सात वर्षे, सुरू झाले होते. आजच्या सीओईपीचे ते मूळ रूप. मात्र सरकारी बांधकाम खात्याला लागणारे कनिष्ठ अधिकारी तयार करणे हा त्याचा हेतू होता. रस्ते, पूल आणि कालवे यांची देखरेख करणारी माणसे राज्यकर्त्यांना हवी होती. कारखाने उभारणारी माणसे घडवण्याची त्यांना निकड नव्हती. स्वदेशी उद्योगाचे स्वप्न पाहणाऱ्यांना बॉस्टनमधील संस्थेत नेमकी ही दुसरी वाट दिसली. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, निघाली तेव्हा गिरण्यांच्या शहराची ती गरज काही प्रमाणात भागू लागली. तरीही बॉस्टनची ओढ टिकून राहिली. स्वातंत्र्यापर्यंतच्या काळात सुमारे शंभर भारतीयांनी एमआयटीत शिक्षण घेतले.

चार्ल्स नदीकाठची वास्तू आणि शंतनुराव किर्लोस्कर

विसाव्या शतकाच्या आरंभी बॉस्टनमधील जागा अपुरी पडू लागली. १९१६ साली संस्था चार्ल्स नदीपलीकडे केंब्रिज येथे वास्तुविशारद विल्यम वेल्स बॉसवर्थ यांनी आखलेल्या विशाल वास्तूत गेली. या बांधकामाला मोठी देणगी देणाऱ्याचे नाव कित्येक वर्षे केवळ ‘मिस्टर स्मिथ’ एवढेच सांगितले जाई. ते कोडॅक कंपनीचे जॉर्ज ईस्टमन होते, हे १९२० साली उघड झाले. लान्झा यांच्यानंतर विभागाची धुरा एडवर्ड मिलर यांच्याकडे आली होती. त्यांच्या कारकीर्दीत नव्या वास्तूतील वाफेची, जलशक्तीची आणि द्रव्यपरीक्षणाची प्रयोगशाळा कार्यान्वित झाली.

याच प्रयोगशाळांत शिकून १९२६ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्यांत शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर हे होते. त्यांचे वडील लक्ष्मणराव हे मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय केला, पुढे लोखंडी नांगर बनवला आणि १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लक्ष्मणरावांचे ज्ञान हाताचे होते. यंत्र उघडून, पाहून आणि प्रसंगी बिघडवून मिळवलेले. अशा घरात भट्टीच्या आणि लेथच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलाला केंब्रिजला पाठवणे म्हणजे त्या हाताला शास्त्राची जोड देणे होते.

मायदेशी परतल्यावर शंतनुरावांनी उद्योगाचा जो विस्तार केला, तो या जोडीचे फळ म्हणता येईल. यंत्रे बनवणारी यंत्रे, म्हणजे मशीन टूल्स, तयार करण्यासाठी १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करची आणि डिझेल इंजिनांसाठी १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवर इंजिन बसवून पाणी उपसणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला एमआयटीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्या इंजिनामागील एक धागा चार्ल्स नदीच्या काठापर्यंत पोहोचत होता.

विभागाच्या लेकी

यंत्र अभियांत्रिकीच्या कक्षेत वाढलेले अनेक विषय पुढे स्वतंत्र झाले. विभागात वाफेच्या यंत्रांचे अध्यापन करणारे सेसिल पीबॉडी यांच्या नेतृत्वाखाली १८९३ साली नौकावास्तुशास्त्राचा, म्हणजे जहाजबांधणीचा, ‘कोर्स थर्टीन’ वेगळा निघाला. १८८८ साली सुरू झालेल्या रासायनिक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातही रसायनाच्या जोडीला यंत्र अभियांत्रिकीचा मोठा भाग होता. वस्त्रतंत्राचे अध्यापन दीर्घकाळ विभागातच चालले.

विमानविद्येची कथा अधिक रंजक आहे. जेरोम हन्सेकर यांनी १९१४ साली एमआयटीत या विषयाचे अध्यापन सुरू केले. त्याच वर्षी यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळवलेले डोनाल्ड डग्लस हे त्यांचे साहाय्यक झाले. याच डग्लस यांच्या कंपनीने पुढे डीसी-३ हे प्रवासी वाहतुकीचे रूप पालटणारे विमान बनवले. हन्सेकर १९३३ ते १९४७ या काळात यंत्र अभियांत्रिकीचे विभागप्रमुख होते. विमानविद्येचा विभाग १९३९ साली स्वतंत्र झाला, तेव्हा त्याचे प्रमुखपदही त्यांच्याकडेच राहिले. काही वर्षे मायलेकींचा कारभार असा एकाच व्यक्तीकडे होता.

विज्ञानाचा वरचष्मा

१९३० साली भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन संस्थेचे अध्यक्ष झाले आणि तराजूचे पारडे मनाच्या बाजूला झुकू लागले. उद्योगांच्या तात्कालिक गरजांपेक्षा मूलभूत विज्ञानावर अभियांत्रिकीची उभारणी व्हावी, असे त्यांचे धोरण होते. दुसऱ्या महायुद्धाने या धोरणाला बळ दिले. रडार, जेट इंजिन आणि अणुशक्ती यांत अनुभवसिद्ध ठोकताळे फारसे कामी आले नाहीत. तेथे भौतिकशास्त्राची भाषा जाणणारी माणसे लागली. युद्धानंतर संघराज्य सरकारचा संशोधननिधी विद्यापीठांकडे मोठ्या प्रमाणावर वळला.

अमेरिकेतील अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या ग्रिंटर समितीने १९५५ साली दिलेल्या अहवालात या बदलाला देशव्यापी रूप मिळाले. घनपदार्थांचे यामिकी, द्रव-वायूंचे यामिकी, ऊष्मागतिकी, उष्णता व द्रव्य यांचे वहन, विद्युत् सिद्धान्त आणि पदार्थांचे गुणधर्म ही सहा ‘अभियांत्रिकी विज्ञाने’ सर्व शाखांचा पाया मानावीत, अशी तिची शिफारस होती. कार्यशाळेतील तास, यंत्ररेखाटनाची फळी आणि कारखान्यातील प्रचलित पद्धतींचे पाठ यांना अभ्यासक्रमात मिळणारी जागा आक्रसत गेली.

या पर्वात एमआयटीच्या विभागातून बाहेर पडलेले ग्रंथ आणि संशोधन यांनी जगभरातील यंत्र अभियांत्रिकीला वळण लावले. जोसेफ कीनन यांनी फ्रेडरिक कीज यांच्यासह १९३६ साली सिद्ध केलेली वाफेच्या गुणधर्मांची कोष्टके वीजकेंद्रांच्या आखणीत प्रमाण मानली गेली. कंपनशास्त्रातील नामांकित प्राध्यापक याकोब डेन हार्टोग यांनी १९५४ ते १९५८ या काळात विभागाचे नेतृत्व केले. वॉरन रोझेनॉ यांनी उकळणाऱ्या द्रवातील उष्णतावहनाचे गणित १९५२ साली मांडले. मिल्टन शॉ यांनी धातू कापताना हत्याराच्या टोकाशी काय घडते, याचा शास्त्रीय अभ्यास केला. हेन्री पेंटर यांनी १९५९ साली ‘बाँड ग्राफ’ ही पद्धत पुढे आणली. तिच्यामुळे यांत्रिक, विद्युत् आणि द्रवचलित प्रणालींतील ऊर्जेचा प्रवाह एकाच आकृतीत दाखवता येऊ लागला.

तथापि, या शास्त्रनिष्ठ पिढीने हात पूर्णतः झटकले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोरीतून निचरणाऱ्या पाण्याचा भोवरा पृथ्वीच्या परिवलनामुळे ठराविक दिशेने फिरतो काय, या जुन्या प्रश्नाचा निकाल ॲशर शपिरो यांनी प्रयोगाने लावला. सहा फूट व्यासाच्या टाकीत पाणी भरून त्यांनी ते २४ तास निश्चल ठेवले. मगच तळाची बूच काढली. उत्तर गोलार्धात भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, हे त्यांनी १९६२ साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले. घरातील टबात मात्र पाणी भरताना राहिलेली हालचालच इतकी प्रबळ असते की पृथ्वीचा अल्पसा प्रभाव तीत हरवून जातो. समीकरण ठाऊक असणे आणि ते दिसू शकेल इतकी काळजी घेणे या दोन्ही गोष्टी त्या टाकीत एकत्र आल्या होत्या. शपिरो यांनी पुढे १९६५ ते १९७४ या काळात विभागप्रमुखपद भूषवले.

कानपूरचा प्रयोग

अभियांत्रिकी विज्ञानाचा हा विचार भारतात पोहोचला तो प्रामुख्याने कानपूरमार्गे. कानपूरची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५९ साली स्थापन झाली. तिचे पहिले संचालक डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हे होते. त्यांनी व्हीजेटीआयमध्ये विद्युत् अभियांत्रिकीचे अध्यापन केले होते आणि आयआयटी मुंबईच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. १९६२ ते १९७२ या दशकात अमेरिकेतील नऊ विद्यापीठांच्या संघाने कानपूरला साहाय्य केले. एमआयटी हा त्या संघाचा एक प्रमुख घटक होता आणि कार्यक्रमाचे पहिले अमेरिकी प्रमुख होते एमआयटीच्या यंत्र अभियांत्रिकी विभागातील प्राध्यापक नॉर्मन डाल.

केळकर आणि डाल यांच्या काळात कानपूरमध्ये सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाचा समान पाया, सत्रपद्धती आणि मानव्यविद्यांचे विषय रुजले. १९६३ साली तेथे आयबीएम १६२० हा संगणक आला आणि विद्यार्थ्यांना स्वतः आज्ञावली लिहिण्याची संधी मिळाली. डाल यांनी सहकारी स्टीफन क्रँडल यांच्यासह सिद्ध केलेले घनपदार्थांच्या यामिकीवरील पाठ्यपुस्तक १९५९ साली निघाले होते. भारतीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘क्रँडल आणि डाल’ या जोडनावाने ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. आज अमेरिकेत स्थायिक असलेल्या कित्येक मराठी अभियंत्यांचा एमआयटीशी पहिला परिचय या पुस्तकातूनच झाला असेल.

कानपूरच्या प्रयोगाला दुसरी बाजूही होती. जगातील उत्तम प्रयोगशाळांत सहज सामावेल असा विद्यार्थी तेथे घडला. पण त्याला सामावून घेईल असा उद्योग त्या काळी देशात विरळा होता. त्यामुळे त्यांपैकी अनेकांची वाट परदेशाकडे वळली. ‘मराठा’च्या पिढीला स्वदेशी कारखान्यांसाठी हवे असलेले शिक्षण अखेर मिळाले तेव्हा त्याचा पुष्कळसा लाभ परदेशाला झाला. या स्थलांतराची बरीवाईट फळे अनिवासी समाजाला अपरिचित नाहीत.

संरचनेचे पुनरागमन

एमआयटीतही शास्त्रनिष्ठ अभ्यासक्रमाची उणीव जाणवू लागली. दिलेले गणित अचूक सोडवणारा विद्यार्थी, ज्याचे गणितच अजून मांडलेले नाही असे यंत्र योजताना अडखळे. या कोंडीवर उतारा म्हणून विभागात यंत्रसंरचनेचे, म्हणजे डिझाइनचे, अध्यापन नव्या जोमाने उभे राहिले. रॉबर्ट मान यांनी साठच्या दशकात ‘बॉस्टन आर्म’ या कृत्रिम बाहूवर काम केले. हात गमावलेल्या माणसाच्या उरलेल्या स्नायूंतील सूक्ष्म विद्युत् संकेतांवर तो बाहू चाले. एका अर्थी विभागाच्या बोधवाक्यातील मन आणि हात येथे शब्दशः जोडले गेले.

सत्तरच्या दशकात वूडी फ्लॉवर्स यांनी ‘२.७०’ या क्रमांकाच्या अभ्यासक्रमाला अभूतपूर्व लोकप्रियता मिळवून दिली. प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच किरकोळ वस्तूंची पेटी मिळे. त्यांतून स्वतः योजलेले यंत्र बांधायचे आणि सत्राच्या शेवटी सर्वांसमक्ष दुसऱ्याच्या यंत्राशी झुंजवायचे, असा त्याचा प्रकार होता. परीक्षेतील उत्तराला अंशतः गुण मिळू शकतात. मैदानात न हलणाऱ्या यंत्राला ती सवलत नसते. शोधक डीन केमन यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेने फ्लॉवर्स यांच्या सहकार्याने १९९२ साली शाळकरी मुलांसाठी यंत्रमानवांची स्पर्धा सुरू केली. आज शाळा सुटल्यावर ‘रोबोटिक्स टीम’च्या तयारीसाठी थांबणाऱ्या मुलांचे पालक ज्या उपक्रमाला गाडीने येरझारा घालतात, त्याचे एक मूळ ‘कोर्स टू’च्या या वर्गात आहे.

संरचनेलाही तत्त्वांची चौकट देण्याचा प्रयत्न नाम सू यांनी केला. त्यांचा ‘द प्रिन्सिपल्स ऑफ डिझाइन’ हा ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध झाला आणि १९९१ ते २००१ या काळात ते विभागप्रमुख होते. यंत्राकडून अपेक्षित असलेल्या गोष्टी एकमेकींना न अडवता साधता आल्या पाहिजेत, हे त्यांचे पहिले सूत्र. गरम आणि गार पाण्याचे दोन वेगळे नळ असतील तर प्रवाह वाढवताना तापमान बिघडते. एकच दांडा वर-खाली केल्यास प्रवाह आणि डावी-उजवीकडे केल्यास तापमान बदलत असेल, तर ही अडचण उरत नाही. हे त्यांचे आवडते उदाहरण कोणत्याही न्हाणीघरात पडताळून पाहता येते.

याच सुमारास विभागातील इमॅन्युएल सॅक्स यांनी सहकाऱ्यांसह पावडरीचा पातळ थर पसरून त्यावर शाईप्रमाणे चिकटद्रव्य टाकायचे आणि थरावर थर चढवीत वस्तू घडवायची, ही पद्धत विकसित केली. तिच्या एकाधिकारासाठी १९८९ साली अर्ज करण्यात आला. ‘थ्रीडी प्रिंटिंग’ हे आज सर्वतोमुखी झालेले नाव मूळचे या पद्धतीचे.

अलीकडचा काळ

एकविसाव्या शतकात विभागाची कक्षा पुन्हा रुंदावली. १८९३ साली वेगळ्या झालेल्या ‘कोर्स थर्टीन’चे, म्हणजे तोवर सागरी अभियांत्रिकी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागाचे, २००५ साली यंत्र अभियांत्रिकीत विलीनीकरण झाले. शतकाहून अधिक काळ स्वतंत्र संसार केलेली लेक माहेरी परतली. ऊर्जा, जैवअभियांत्रिकी, नियंत्रण व यंत्रमानवशास्त्र, सूक्ष्म व अतिसूक्ष्म रचना, सागरी तंत्रज्ञान आणि उत्पादनतंत्र ही आज विभागातील संशोधनाची क्षेत्रे आहेत.

दुसरा बदल विद्यार्थिवर्गातील आहे. यंत्र अभियांत्रिकी हा पुरुषांचा प्रांत, ही समजूत जगभर दीर्घकाळ टिकली आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही मेकॅनिकलच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असत. एमआयटीच्या विभागात गेल्या दशकात पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे निम्म्या मुली झाल्या. त्या वेळच्या राष्ट्रीय प्रमाणाहून हे कितीतरी अधिक होते. मेरी बॉइस या २००८ साली विभागाच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या आणि २०१८ ते २०२२ या काळात एव्हलिन वाँग यांनी ते पद सांभाळले. २०२३ पासून उत्पादनतंत्रातील संशोधक जॉन हार्ट विभागप्रमुख झाले.

मन आणि हात यांच्यातील जुना प्रश्न मात्र मिटलेला नाही. तो आता संगणकाच्या पडद्यावर उभा आहे. तुळईवर भार टाकणे, द्रवाचा प्रवाह पाहणे, गिअरचा दाता मोडेपर्यंत फिरवणे या सर्व गोष्टी आज आज्ञावलीत करता येतात, त्याही काही मिनिटांत आणि लाकडाचा एकही तुकडा न मोडता. या सोयीचे मोल मोठे आहे. परंतु संगणकातील तुळईला गाठ नसते, चीर नसते; ती कोणी मुद्दाम घातली तरच असते, आणि ती घालण्यासाठी आधी खरी तुळई पाहिलेली असावी लागते. लान्झा यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी निर्दोष तुकड्यांवर विसंबणाऱ्यांना जे दाखवून दिले, तेच आजच्या विद्यार्थ्याला नव्याने शिकावे लागते. म्हणूनच गणनशक्ती इतकी स्वस्त झाल्यावरही विभागाने आपल्या कार्यशाळा बंद केलेल्या नाहीत. ‘२.००७’ या नव्या क्रमांकाने चालू असलेल्या फ्लॉवर्स यांच्या जुन्या अभ्यासक्रमात विद्यार्थी आजही स्वतःच्या हाताने यंत्र बांधतात आणि सत्राच्या अखेरीस ते सर्वांसमोर चालवून दाखवतात.